शुक्रवारी बिघडणारं घर

हनुमंतनगर, बेंगळूरु
सोमवार, २ फेब्रुवारी

प्रिय सिद्धी,

एवढा मायना लिहायला मला दहा मिनिटं लागली. माझ्या आईच्या पद्धतीप्रमाणे सुनेच्या नावाआधी 'चि. सौ.' लिहायचं असतं. त्यातलं 'सौ.' सव्वातीन वर्षांपूर्वी ध्रुवबरोबर गेलं. उरलेलं 'चि.' लिहावं, तर तू तेहतीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत चौदा माणसांना कामाला लावणारी बाई. शेवटी तुझं नाव नुसतंच ठेवलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बरं दिसतंय. तुझ्या नावाला मागेपुढे काही लागत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आता तू म्हणशील की शनिवारी भेटणारच आहोत, मग अक्कांनी हे पोस्टाचं खूळ कशाला काढलं? फोन आहे, मेसेज आहे. तीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या बाईला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण तू शनिवारी येतेस ती चपला काढायच्या आधी ह्यांची हत्यारांची पिशवी मागतेस. ज्या माणसाचं डोकं सिंकखाली आणि पाय स्वयंपाकघरात पसरलेले असतात, त्याच्याशी मला महत्त्वाचं काही बोलता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता. तू आतून 'जोरात बोला अक्का, ऐकू नाही येऊन राहिलं' म्हणालीस, आणि जे बोलायचं होतं ते जोरात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र.

तर, तुझा तक्ता मिळाला. 'घर दुरुस्त न करता विकण्याचे फायदे आणि तोटे', हिरवा रकाना आणि लाल रकाना. फोनवर तो मला मुंगीएवढा दिसत होता, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि सवयीने लाल पेन घेऊन बसले. शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत. नागपूरच्या मुलीने एवढ्या लांब मराठीत काही लिहिलं याबद्दल त्या माफ. तुझा निष्कर्ष शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत आहे: आधी पूर्ण दुरुस्ती, आठ महिने, दसऱ्यापर्यंत सगळं नीट, मग राहायला घर शोधणाऱ्या मेघाश्रीबाईंना विक्री. तुझे शनिवार त्यात आहेतच, रविवारही घातलेस आणि वरून शिल्लक रजाही. म्हणजे प्रश्न घराचा दिसत असला तरी तो तुझ्या आठ महिन्यांचा आहे. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी इकडेतिकडे भरकटेन.

आमच्या शास्त्रात समोरच्याचं मत खोडायच्या आधी ते त्याच्याहून नीट मांडावं लागतं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तेव्हा तुझा पूर्वपक्ष मी मांडते. घर आहे तसं विकायला काढलं की येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच 'च्च' करतो. हॉलच्या छताला नकाशासारखी ओल आलेली आहे, तिच्याकडे मान वर करून इतका वेळ बघतो की आपल्यालाच तिथे काहीतरी दिसायला लागतं. वायरिंग ह्यांच्या वेळचं. संपला, म्हणजे त्या जमिनीखालच्या टाकीला, तडा गेलाय. मागच्या खिडकीची चौकट वाळवीने आतून इतकी पोखरलीय की ती केवळ रंगाच्या आधाराने उभी आहे. माझ्या ओळखीतले काही निवृत्त हेडमास्तर असेच उभे आहेत, पण ते विकायचे नाहीत. गिऱ्हाईक प्रत्येक डागामागे भाव पाडतं. ज्याला राहायचंय तो घाबरून पळतो आणि ज्याला पाडायचंय तोच टिकतो. हे तू लिहिलंयस आणि ते खरं आहे. मेघाश्रीबाई आणि त्यांचे यजमान आले होते तेव्हा त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ग्राइंडर कुठे ठेवायचा हे आपसांत बोलत होत्या. घर विकणाऱ्या माणसाला याहून चांगलं काही ऐकू येत नाही. मी त्यांना कॉफीत साखर जरा जास्तच घातली.

आता उत्तरपक्ष. दुरुस्ती संपत नाही, सिद्धी. एक भिंत उकरली की शेजारची बोलायला लागते. ह्यांनी हे घर बांधलं तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममधून सुटून आल्यावर रोज स्वतः विटांवर पाणी मारायचे. बांधून झाल्यावर म्हणाले होते, आता वीस वर्षं बघायला नको. पुढच्या आठवड्यात न्हाणीघराचा उतार उलटा निघाला. तेव्हापासून ह्यांचे सगळे रविवार घराच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात गेले, आणि हे गेले तेव्हाही गच्चीच्या पायरीला सिमेंट लावायचं राहिलेलं होतं. दुसरं असं, की आहे तसं विकण्यात एक सुटका आहे. रंग लावून विकायचं म्हणजे रंगाखाली काय आहे ते गिळून हसत बसायचं. तसंच विकायचं म्हणजे तडा आपणच आधी दाखवायचा. सात-आठ जणांना तडा दाखवून झाल्यावर मला तो दाखवण्यात गोडी वाटायला लागली होती. असं मोकळेपणाने मी बऱ्याच वर्षांत कुणाशी बोलले नव्हते.

शिवकुमार आले तो दिवस तुला सांगितलाच नाही. पीण्यात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, तिघा भावांना मिळून तीन मजले बांधायचेत. ते येणार म्हणून मी सकाळपासून झाडत होते, दारात रांगोळी, गॅसवर केसरीबात, म्हणजे आपला शिराच. ते आले, भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. मला हातात केरसुणी घेऊन उभी बघून म्हणाले, "अक्का, सुम्ने, उगाच कशाला त्रास घेता? मी घर बघायला नाही आलो, साईट, नुसती जागा बघायला आलो." मी म्हटलं, "साईट केसरीबाताच्या खाली आहे, आधी तो खा." हसले, खाल्ला. मग गच्चीवर गेलो. तिथे ध्रुवचे आठ कॉलम. त्यांनी एका कॉलमवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले, "काम चांगलं आहे, पण वरच्या सळया गंजल्यात. हे सगळं काढावं लागेल. कुणी घातले एवढे जाड?" मी म्हटलं, "माझ्या मुलाने." पुढचं काही मी सांगितलं नाही. पण माणसाला कळतं. त्यांनी कॉलमवरचा हात काढून घेतला आणि उतरेपर्यंत पुन्हा कशालाच हात लावला नाही.

एवढे जाड कशाला, हे मीही ध्रुवला विचारलं होतं, तुला आठवत असेल. तुम्हा दोघांसाठी एक मजला चढवायचा, त्याला राजवाड्याचे खांब का? तेव्हा तो वाळूच्या ढिगावर उभा राहून म्हणाला होता, "अक्का, आमच्या डोक्यावरही कुणीतरी बांधेल ना पुढे." तू लाजली नाहीस, उलट त्याला वाळू फेकून मारलीस. मला तू त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडलीस. तोवर लग्नाला आठ महिने झाले होते, आणि मी तुझ्याशी नीट वागत होते, एवढंच. मग तो ऑक्टोबर. साधा ताप, मग डेंग्यू, मग पाच दिवस. स्लॅब पडायचा राहिला आणि आठही कॉलम डोक्यावरच्या सळयांसकट तसेच उभे राहिले. पुढच्या पावसाळ्यात तू शिडी लावून एकेका सळईला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्यास, गंजू नयेत म्हणून. कशासाठी गंजायला नकोत, हे तू बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. आता त्या सळयांना माझी कपडे वाळत घालायची दोरी आहे. हॉलच्या छतात जे पाणी उतरतं ते त्याच कॉलमांच्या बुडाशी साचून उतरतं. तुझ्या तक्त्यात त्याला 'गळतीचा मुख्य स्रोत' म्हटलंय. बरोबर आहे. मलाही दुसरा शब्द सुचला नाही.

आता मला जे लिहायचंय त्याच्या जवळ मी येते आहे, आणि पेन जड झालंय. तू इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला गेलीस ते मीच सांगितलं म्हणून. रोजचे चार तास बसमध्ये घालवून एका म्हातारीला सोबत करायची काही गरज नव्हती. (मी सत्तावन्नची आहे, पण सोबत लागणाऱ्या बाईला म्हातारीच म्हणतात.) तू गेलीस आणि दीड महिना आली नाहीस. फोन करायचीस, तुझा आवाज रिकाम्या डब्यासारखा यायचा. मग एका शुक्रवारी स्वयंपाकघरातला नळ खरोखरच गळायला लागला. मी तुला तो सहज सांगितला, तू शनिवारी सकाळी हजर. ऑफिसचे कपडे, केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं. वॉशर बदललास, पिठलं-भात जेवलीस, आणि 'दोन मिनिटं पडते' म्हणून ध्रुवच्या पलंगावर आडवी झालीस ती चार वाजता उठलीस. उठून म्हणालीस, "अक्का, मी तीन आठवड्यांनी झोपले." मी कॉफी केली. तू गेल्यावर मी बराच वेळ त्या नळाकडे बघत होते. आता तो चांगला झाला होता.

पुढच्या शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी पिशवीतून ह्यांचा पाना काढला आणि नळ ढिला केला.

लिहून टाकलं. वाच, हस, रागव, पण पुढे वाच. मला वाटलं होतं एकदाच. या मुलीला झोपायला एक कारण हवंय, ते आपण देऊ. पण ते तुझ्या झोपेसाठी फार तर चार-सहा महिने होतं. तू हळूहळू तिकडेही झोपायला लागलीस, गालांवर रंग आला, आणि तरी माझा शुक्रवार काही सुटला नाही. 'ये' एवढा एक शब्द म्हणायचा, तर तो म्हणवत नव्हता. मुलगा गेल्यावर सुनेला कोणत्या हक्काने बोलवायचं? आणि तूही कारणाशिवाय येणाऱ्यातली नाहीस. आपण दोघी फार सभ्य आहोत, ही आपली अडचण आहे. मग मी नळाचे आटे सैल कर, मागच्या कडीचा स्क्रू काढून पिठाच्या डब्यात ठेव, कॉलिंग बेलचा सेल उलटा घाल, फ्लशची साखळी सोड, असं सगळं केलं. एकदा फ्यूज काढताना झटका बसला, तेव्हा कोपर दारावर आपटलं म्हणून सांगितलं होतं. सोमवार ते गुरुवार मुलींना सत्याच्या महत्त्वावर श्लोक पाठ करायला लावायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी स्टुलावर चढून घर बिघडवायचं. जवळजवळ तीन वर्षं. असं नियमित व्रत मी दुसरं कुठलंही केलेलं नाही.

आणि मला वाटत होतं की तुला पत्ता नाही. गेल्या आठवड्यात तुझा तक्ता लाल पेनाने तपासताना तुझी दुरुस्त्यांची यादी मी तीनदा वाचली. पेपर तपासणाऱ्या माणसाचं लक्ष मुलीने काय लिहिलंय त्यापेक्षा तिने कुठला प्रश्न सोडलाय तिकडे जातं. सव्वीस कामं लिहिलीस. छत, सळया, वायरिंग, संप, वाळवी, पायरीसुद्धा सोडली नाहीस. ज्या नळावर तू पन्नासेक वेळा मेहनत घेतलीस तो यादीत नाही. कडी नाही. बेल नाही. फ्लश नाही. एवढी चोख मुलगी एवढ्या वेळा बिघडलेल्या गोष्टी विसरत नाही. म्हणजे तुला ठाऊक होतं की त्यांत मुळात दोष नाही. कधीपासून, ते विचारत नाही. पिठाच्या डब्यातला स्क्रू तुला पोळ्या लाटताना सापडला असेल. तू येत राहिलीस, पाना मागत राहिलीस, आणि 'अक्का, तुमच्या नळाचं नशीबच खराब' म्हणत राहिलीस. मी त्या कागदावर डोकं टेकवून रडले आणि मग हसलेही. तो कागद आता कुणाला दाखवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.

इथेच थांबले असते तर पत्र लिहायची गरज नव्हती. आपण दोघी अशाच ठरवून न ठरवता जगलो असतो. पण परवाच्या शनिवारी तू शिडीवर होतीस आणि मी कॉफीपूड संपली म्हणून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात, बाहेरच्या उंच टेबलाला टेकून, मोहनकुमार उभा होता. तू नोव्हेंबरमध्ये 'ऑफिसातला आहे, त्याला वॉटरप्रूफिंगचं कळतं' म्हणून ज्याला गच्चीवर घेऊन आली होतीस तो. मला बघून त्याने फोन असा काही खिशात घातला की जणू मी वर्गात आले. "नमस्कारा, अक्का." मी म्हटलं, "इकडे कुठे?" म्हणाला, "स्वल्प काम होतं." "काय काम?" त्याने टेबलाकडे बघितलं. "कॉफी." मी विचारलं, केव्हापासून पितोयस? खरं बोलणारा मुलगा आहे, म्हणाला, "साडेदहापासून." घड्याळात पाऊण वाजला होता. दर्शिनीत बसायला खुर्ची नसते, सिद्धी. माणूस उभाच असतो.

मी बायटू कॉफी सांगितली, एकीची दोन करून घेतली, आणि त्याच्या समोर उभी राहिले. हळूहळू सगळं निघालं. दर शनिवारी तो तुला स्कूटरवरून तिकडून घेऊन येतो, कोपऱ्यावर सोडतो, आणि तू परत निघेपर्यंत इथेच थांबतो. चौदा महिने. मी म्हटलं, "अरे, मग घरी का येत नाहीस? मी काही चावत नाही." तो कपातल्या फेसाकडे बघत कानडीत जे म्हणाला ते मी तुला मराठीत सांगते. "सिद्धी म्हणते, अक्कांच्या घरी जाते तेव्हा ती ध्रुवच्या घरी जाते. तिथे मी कसा येऊ?" मग म्हणाला, की त्याने तुला लग्नाचं विचारलंय, आणि तू 'नाही' म्हणालेली नाहीस. तू म्हणालीस, मने केलस मुगीली. घराचं काम संपू दे. मग बोलू. मी विचारलं, "म्हणजे किती दिवस, ते नाही विचारलंस?" म्हणाला, "नाही अक्का. काम संपलं की कळेलच ना." आणि मग अगदी मनापासून, माझं बरं व्हावं म्हणून, त्याने विचारलं, "अक्का, तुमचा तो किचनचा नळ एवढा कसा बिघडतो? चिकपेटेच्या बाजारात चांगला पितळी मिळतो, मी आणून देऊ का?"

मी कप तसाच टेबलावर ठेवला. कॉफीपूड न घेताच परत आले. तू शिडीवरूनच ओरडलीस, "कुठे गेल्या होत्या? मी घाबरून राहिली होती इथे!" तुझ्या कपाळाला चुना लागला होता. मी 'सरी, बरं, उतर आता' एवढंच म्हणाले आणि ताटं घेतली. तू जेवत होतीस आणि मी हिशेब नाही, पण आठवण करत होते, गेल्या चौदा महिन्यांत मी किती शुक्रवार स्टुलावर चढले. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की मी तुझा एक शनिवार मागून घेतेय. तिसऱ्या माणसाचाही घेतेय, तोही उभ्याने, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आता सव्वीस खऱ्या कामांची यादी करून तू आठ महिने आणखी घालणार होतीस. मला कळतं का ते. दुरुस्त्या संपल्या की माझ्याकडे यायचं कारण संपतं, आणि त्या संपल्याशिवाय तुला पुढे जाता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये तू शिडी लावून उभी आहेस.

त्या संध्याकाळी मी शिवकुमारांना फोन करून घर दिलं. आहे तसं. मेघाश्रीबाईंनाही कळवलं. त्या म्हणाल्या, थांबलो असतो हो आम्ही. मी म्हटलं, ठाऊक आहे. तुझ्या लाल रकान्यात एक ओळ मी माझ्या हाताने वाढवली आहे: घर राहणार नाही. तो खरा तोटा, बाकीचे सगळे भावाचे. ह्यांनी पाणी मारलेल्या विटा जातील, ध्रुवचे कॉलम जातील. ते पाडतील तेव्हा मी तिथे नसेन आणि तूही नसावीस, एवढं माझं ऐक. हिरव्या रकान्यातही मी एकच ओळ घातली आहे. तुझे आठ महिने.

आता हे पत्र का लिहिलं ते. ध्रुवचा वाटा तुझ्या नावावर आहे, म्हणून तुझ्या सहीशिवाय ही विक्री होत नाही, आणि तू सही करायला नको म्हणशील हे मला ठाऊक आहे. कारण तुला वाटेल अक्का एकटी पडते. पडेन. पहिले काही शनिवार वाईट जातील, ते मी तुझ्यापासून लपवत नाही, आता लपवायचा कंटाळा आला आहे. त्यागराजनगरात खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी भाड्याने बघितल्या आहेत, घरमालक वरच राहतात आणि काही मोडलं तर ते बघतात. तिथे यायला तुला मी कुठलंही कारण देऊ शकणार नाही. तरी आलीस तर मला फार बरं वाटेल, आणि नाही आलीस तरी तू माझीच राहशील. मोहनकुमारबद्दल तुझ्या आईबाबांशी बोलायचं असेल तर तो फोन मी करते. सासूने सांगितलं की नागपुरात सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. पुढच्या बुधवारी, अकरा तारखेला, साडेदहाला सब-रजिस्ट्रार ऑफिसात ये. आपल्या बाजूने एक साक्षीदार लागेल. मोहनकुमारला बाहेर उभा करू नकोस, आधार कार्ड घेऊन आत आण. साक्षीदाराने आपल्याला ओळखतो एवढंच सांगायचं असतं. तुला तो ओळखतो. माझी-त्याची ओळख अर्ध्या कपाची आहे, तेव्हा त्याआधी या शनिवारी, हे घर उभं असताना, त्याला दारातून आत घेऊन ये. हॉलमध्ये ध्रुवचा फोटो आहे, तो मी काढणार नाही. त्याच्या समोरच तीन पानं मांडीन. तू काहीही उघडायचं नाहीस, कशाखालीही शिरायचं नाहीस. नुसती जेवायला बस.

तुझीच,
अक्का